आकाशचित्रांच्या फ्लॅटसाठी प्रकाश कोणता घ्यावा: एलईडी पॅनेल की संध्याकाळचे आकाश?

व्याध (शाहूपुरी)

आपल्या भागात आकाशाचे छायाचित्रण करणाऱ्यांमध्ये एक समजूत पक्की आहे. चित्रे दुरुस्त करण्यासाठी लागणारे फ्लॅट संधिप्रकाशातच घ्यावेत आणि दुर्बिणीच्या तोंडावर ठेवायचे एलईडी पॅनेल ही केवळ नाइलाजाची सोय आहे, असे बहुतेकांना वाटते. माझे मत नेमके उलट आहे. कोल्हापूर परिसरात सामान घेऊन बाहेर जाणाऱ्याने एलईडी पॅनेल हाच पहिला पर्याय मानावा. कारणे देतो, विरोधी मते अवश्य यावीत.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगायचे तर, फ्लॅट म्हणजे दुर्बिणीसमोर सर्वत्र सारखा प्रकाश ठेवून घेतलेली चौकट, म्हणजे एक छायाचित्र. चित्राच्या कडांना प्रकाश कमी पोहोचतो, सेन्सरपुढच्या काचेवरच्या धुळीच्या गोल सावल्या उमटतात आणि प्रत्येक पिक्सेलची संवेदनशीलता किंचित वेगळी असते. मूळ चित्राला फ्लॅटने भागले की हे तिन्ही दोष निघतात. कोपऱ्यात मध्यापेक्षा ७० टक्केच प्रकाश पोहोचत असेल, तर फ्लॅटमध्येही तेथे ०.७ एवढेच मूल्य असते आणि भागाकारानंतर कोपरा मध्याच्या बरोबरीला येतो. हे जमण्यासाठी कॅमेऱ्याचा दुर्बिणीवरचा कोन आणि फोकस चित्रे घेताना होते तसेच राहिले पाहिजेत, आणि माझा मुख्य आक्षेप येथूनच सुरू होतो. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर सूर्यास्ताला पोहोचलेल्या माणसाला तारे दिसेपर्यंत नेमका फोकस करता येत नाही. म्हणजे संध्याकाळचे फ्लॅट हे फोकस ठरण्याआधीचे असतात. पहाटेपर्यंत थांबायचे, तर हिवाळ्यात तोवर भिंगावर दव बसलेले असते.

दुसरी अडचण वेळेची आहे. कोल्हापूरचा अक्षांश १६.७ अंश असल्यामुळे सूर्य येथे बराच सरळ खाली उतरतो आणि विषुवदिनाच्या सुमारास सूर्यास्तानंतर क्षितिजाखाली ६ अंश जायला त्याला साधारण २२ मिनिटेच लागतात. फ्लॅटला योग्य उजेड त्यांतलीही थोडीच मिनिटे टिकतो. एका रंगीत कॅमेऱ्याचे काम त्यात भागेल, पण फिल्टर व्हीलमध्ये (कॅमेऱ्यापुढचे फिल्टर बदलणाऱ्या चाकात) पाच-सहा फिल्टर असणाऱ्याने काय करावे?

अगस्ती (पन्हाळा)

व्याध यांनी सोयीची बाजू चांगली मांडली आहे, परंतु प्रश्न सोयीचा नसून प्रकाश खरोखर सारखा आहे की नाही, हा आहे. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त ट्रेसिंग पॅडमध्ये (चित्र गिरवण्यासाठीच्या उजळ पाटीत) एलईडीची पट्टी एकाच कडेला असते, त्यामुळे त्या कडेला उजेड जास्त आणि समोरच्या कडेला कमी असतो. दुधी अ‍ॅक्रिलिक लावल्याने हा फरक घटतो, पण नाहीसा होतोच असे नाही. फ्लॅटमध्ये एका बाजूला ३ टक्क्यांची खोटी वाढ शिरली, तर ती प्रत्येक चित्रात उलटी होऊन उमटते. आपल्याकडे हे विशेष महाग पडते, कारण शहराच्या उजेडामुळे आपल्या चित्रांतली पार्श्वभूमी आधीच भरलेली असते. देवयानी दीर्घिकेच्या बाहेरच्या भुजा किंवा तेजोमेघाची विरळ किनार या पार्श्वभूमीच्या जेमतेम एखाद्या टक्क्याने वर असतात, आणि त्यांवर ३ टक्क्यांची चूक पडली की पुढे कितीही प्रक्रिया केली तरी काय खरे आणि काय खोटे हे सांगता येत नाही.

आकाश अनंत अंतरावर आहे आणि दुर्बिणीचे संपूर्ण तोंड एकसारखे उजळते. संध्याकाळी माथ्यापासून थोडे पूर्वेकडे, म्हणजे सूर्याच्या विरुद्ध बाजूला, दुर्बीण वळवली तर एखाद्या अंशाच्या क्षेत्रात उजेडाचा उतार फारच थोडा असतो. दुर्बिणीचा ताऱ्यांमागे फिरण्याचा मागोवा बंद ठेवावा आणि प्रत्येक चौकटीनंतर दुर्बीण थोडी सरकवावी. म्हणजे शेवटच्या चौकटींत उगवणारे तारे वेगवेगळ्या जागी पडतात आणि एकत्र करताना गाळले जातात. वेळेच्या अडचणीवर क्रम हाच उपाय आहे: संध्याकाळी उजेड भरपूर असताना आधी अरुंद पट्ट्याचे (एका रंगाचा अगदी थोडा भागच आत सोडणारे) फिल्टर, मग रंगांचे आणि सर्वांत शेवटी साधा पारदर्शक फिल्टर.

मृगशीर्ष (इचलकरंजी)

पॅनेलचा मंद-तेज करण्याचा प्रकारही लक्षात घ्यायला हवा. बहुतेक डिमर प्रकाश खरोखर कमी करत नाहीत, तर तो झपाट्याने चालू-बंद करतात. सीमॉस सेन्सर (कॅमेऱ्यातील सेन्सरचा एक प्रकार) एकेक ओळ क्रमाने वाचत असेल आणि एक्सपोजर सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढे असेल, तर फ्लॅटवर आडवे पट्टे दिसतात. घरच्या विजेवर चालणाऱ्या दिव्यांनाही १०० हर्ट्‌झची थरथर असते, कारण आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे.

माझा उपाय असा आहे: डिमर पूर्ण तेजावर ठेवायचा, पॅनेलवर साध्या पांढऱ्या कागदाचे ताव एकावर एक घालत जायचे आणि एक्सपोजर दोन-तीन सेकंदांवर आणायचे. एवढ्या वेळात थरथर सरासरीत विरून जाते. शिवाय फार छोट्या एक्सपोजरला काही सीमॉस सेन्सर नीट सरळ प्रमाणात वागत नाहीत, तो प्रश्नही सुटतो. त्याच कालावधीचे डार्क (दुर्बिणीचे तोंड झाकून घेतलेल्या चौकटी) मात्र वेगळे घ्यावेत.

अगस्ती (पन्हाळा)

पट्ट्यांचा प्रश्न कागदाने सुटतो हे मान्य आहे, पण रंगाचे काय? पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरजवळ निळ्याचे टोक असते, त्यानंतर खळगा येतो, पुढे पिवळ्याचा रुंद उंचवटा असतो आणि तांबड्या टोकाकडे प्रकाश घसरत जातो. तेजोमेघांच्या चित्रांत लागणारी हायड्रोजन-अल्फाची रेषा ६५६.३ वर आहे आणि गंधकाच्या रेषा ६७२ च्या आसपास आहेत, म्हणजे नेमक्या या घसरणीवर.

शर्मिष्ठा (राजारामपुरी)

रंगाच्या आक्षेपाचे दोन भाग करावे लागतील. अरुंद फिल्टरमधून काही नॅनोमीटरचीच पट्टी आत येते, त्यामुळे बाकीच्या रंगांत काय आहे याला तेथे महत्त्व उरत नाही. प्रकाश कमी पडतो एवढेच, आणि त्याला लांब एक्सपोजर हे सरळ उत्तर आहे. चलताऱ्यांची (तेज बदलणाऱ्या ताऱ्यांची) तेजस्विता मोजणाऱ्यांसाठी मात्र रुंद फिल्टरमधील रंगाची ठेवण महत्त्वाची असते आणि त्यांनी संधिप्रकाशाचे फ्लॅट घ्यावेत, याविषयी माझे अगस्ती यांच्याशी एकमत आहे.

पॅनेलच्या असमान उजेडाविषयीचा त्यांचा मुद्दा मात्र मला मान्य नाही. पॅनेल दुर्बिणीच्या तोंडाला टेकवलेले असते आणि तेथे ते पूर्णपणे फोकसच्या बाहेर असते. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल तोंडाच्या जवळजवळ सगळ्या भागातून प्रकाश गोळा करतो. म्हणून पॅनेलची डावी कड उजळ असली, तरी ती चित्राची डावी बाजू उजळ करत नाही. ती सगळ्या पिक्सेलांना मिळणाऱ्या बेरजेत मिसळते. फरक पडतो तो कोपऱ्यांत, कारण तेथील पिक्सेलांना तोंडाचा काही भाग झाकलेला असतो. उलट आकाश अनंत अंतरावर आहे, हाच त्याचा दोष ठरतो: त्यातला उतार थेट फोकसमध्ये येऊन जसाच्या तसा सेन्सरवर पडतो.

यावर वाद घालत बसण्यापेक्षा पडताळा घ्यावा. पॅनेल टेकवून वीस चौकटी घ्याव्यात, मग ते ९० अंशांत फिरवून आणखी वीस, आणि एका सरासरीला दुसरीने भागावे. दुर्बिणीचे आणि धुळीचे दोष दोन्हींकडे सारखे असल्याने ते कटतात आणि उरतो तो फक्त पॅनेलचा असमानपणा. वीस चौकटी का, याचाही हिशेब आहे. प्रत्येक पिक्सेलला एका चौकटीत २५,००० इलेक्ट्रॉन मिळाले, तर प्रकाशाच्या स्वाभाविक चढउताराने सुमारे ०.६ टक्के अनिश्चितता राहते. वीस चौकटींच्या सरासरीत ती ०.१४ टक्क्यांवर येते.

अगस्ती (पन्हाळा)

पडताळ्याची पद्धत उत्तम आहे, पण अपुरी आहे. पॅनेल मध्यभागी उजळ आणि भोवताली सर्व बाजूंनी सारखे मंद असेल, तर ९० अंशांत फिरवूनही भागाकार स्वच्छ दिसेल. म्हणून ते फिरवण्याबरोबरच एका बाजूला दोन-तीन सेंटिमीटर सरकवूनही पाहावे. आकाशातल्या उताराचा मुद्दा मोठ्या क्षेत्राच्या लेन्ससाठी मान्य करतो. माझ्या दुर्बिणीच्या एका अंशाहून लहान क्षेत्रात तो मला जाणवलेला नाही. माझी दुर्बीण गच्चीवर कायमची बसवलेली आहे आणि कॅमेरा महिनोन्‌महिने हलत नाही, त्यामुळे फोकसची अडचणही मला तितकीशी लागू होत नाही.

व्याध (शाहूपुरी)

कायमची बैठक असणाऱ्यांसाठी संधिप्रकाश चालेल, हे मी नाकारत नाही. माझा आग्रह सामान पाठीवर घेऊन जाणाऱ्यांसाठी आहे. एक मुद्दा मात्र अजून कोणी मांडलेला नाही. न्यूटोनियन, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणीत मुख्य आरशाच्या मागून आणि फोकसरच्या फटीतून बाहेरचा उजेड आत शिरतो. रात्री तो नसतो, संधिप्रकाशात तो भरपूर असतो आणि फ्लॅटमध्ये मिसळून कडांची दुरुस्ती बिघडवतो. ज्यांना आकाशाचेच फ्लॅट घ्यायचे आहेत, त्यांनी नळीचा मागचा भाग जाड काळ्या कापडाने बांधून घ्यावा.

पॅनेल करून घ्यायचे असल्यास तयार वस्तू मागवण्याची गरज नाही. फलक बनवणाऱ्यांकडे दुधी अ‍ॅक्रिलिक मापात कापून मिळते आणि दुर्बिणीच्या तोंडावर घट्ट बसणारे कडे कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर कातून मिळते. कड्याचा आतला व्यास ड्यू शील्डच्या (दव टाळण्यासाठी दुर्बिणीच्या तोंडाशी लावलेल्या नळीच्या) बाहेरच्या मापापेक्षा दोन मिलिमीटर मोठा ठेवून आत नमद्याची पट्टी चिकटवावी. म्हणजे ते घसरत नाही आणि शर्मिष्ठा यांनी सांगितलेल्या पडताळ्यासाठी फिरवताही येते.

अगस्ती (पन्हाळा)

काळे कापड मी बांधतोच. कडे तयार झाल्यावर फिरवलेल्या आणि सरकवलेल्या, अशा दोन्ही भागाकारांची चित्रे येथे द्यावीत. त्याच दुर्बिणीचे त्याच फोकसवर घेतलेले पहाटेचे फ्लॅटही सोबत असावेत. कोपऱ्यांत अर्ध्या टक्क्याहून अधिक फरक निघाला, तर माझा आक्षेप कायम राहील.