कोपरा न सोडणारी निवृत्त स्लेड-कुत्री
एकांनी विचारलंय, स्लेड म्हणजे बर्फावरची घसरगाडी ओढण्याच्या कामातून निवृत्त झालेली आठ वर्षांची कुत्री घरात कोपऱ्यातून हलत नाही, ओढून काढू का? कृपया ओढू नका. स्लेडची कुत्री बहुतेकदा बाहेरच्या केनेलमध्ये, म्हणजे उघड्यावरच्या कुत्राघरात, वाढतात. गुळगुळीत फरशी, जिना त्यांना ठाऊकच नसतो. कोपऱ्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून दारापर्यंत न सरकणाऱ्या चटया सलग अंथरा. पंजाच्या बोटांमधले केस वाढले असतील तर कापा, त्यानंही पाय घसरतो. पाठीवर दोरीचा हुक असलेला हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) टाळा: तो चढला की काम सुरू झालं असं समजून ती ओढू लागेल. छातीवर हुकवाला घ्या, सोबत मार्टिंगेल कॉलर, म्हणजे ओढ बसली की थोडा आवळणारा गळ्याचा पट्टा. घाबरलेलं कुत्रं मागे सरकत साध्या पट्ट्यातून डोकं सहज काढतं. उठताना मागचे पाय थरथरत असतील, तर सांधे याच आठवड्यात पशुवैद्यांना दाखवा.