हिल्स घालून दिवसभर निभावता कसं? अनुभव सांगा

पुढच्या महिन्यात धाकट्या दिराचं लग्न. मी पाच फूट, नवरा सहा. प्रत्येक फोटोत मी त्याच्या कोपराशी गप्पा मारतेय असं दिसतं. म्हणून पहिल्यांदाच तीन इंची हिल्स घेतल्या. घरात दहा मिनिटं घातल्या आणि चवडे पेटले! ऐकीव नको, स्वतःचं सांगा.

---

हॉटेलच्या रिसेप्शनला होते. रोज नऊ तास उभं, दोन इंच टाच सक्तीची. पहिला जोड सकाळी घेतला, तीच चूक. संध्याकाळी पाय सुजतात, तेव्हा बसेल तो खरा नंबर. मग घाबरून मोठा नंबर घेतला, ती त्याहून मोठी चूक. टाच उंच असली की वजन चवड्यावर येतं, त्यात जोडा सैल असला की पाय पुढे घसरतो आणि बोटं टोकात चेमटतात. शेवटी जाड चौकोनी टाच आणि घोट्याला पट्टा असलेला जोड घेतला, तेव्हा कुठे सुटले. तिसरं-चौथं बोट चिकटपट्टीने एकत्र बांधायचा उपायही केला. मला तरी काडीचा उपयोग झाला नाही.

---

विरार लोकलवाली. प्रवासात साधी चप्पल, हिल्स पिशवीत. ऑफिसच्या लिफ्टमध्ये बदलायच्या. टाचेखालची रबरी टिप झिजली की आतला खिळा फरशीवर टकटक वाजतो. तेव्हाच मोचीकाकांकडे जा. पावसाळ्यात मी आळस केला आणि स्टेशनच्या ओल्या लादीवर सपशेल आडवी झाले.

---

साडी हिल्स घालूनच नेस गं! मी आधी नेसले, मग हिल्स चढवल्या. निऱ्या चार बोटं वर, पैठणीखाली पावलं उघडी. सासूबाई हळूच म्हणाल्या, "पूर आलाय का?" आणि लग्न लॉनवर असेल तर पेन्सिल हिल विसर. हिरवळीत टाच रुतते, आपण पुढे आणि चप्पल मागे. वेजेस घे, म्हणजे टाचेपासून चवड्यापर्यंत सलग तळ असलेल्या.

---

साल्सा शिकते. आमच्या बाई पहिला महिना हिल्स घालूच देत नाहीत, पोटऱ्या तयार करून घेतात. पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, कठडा धरायचा आणि टाचा सावकाश खाली सोडायच्या. चालताना पावलं लहान, गुडघे किंचित सैल. पाय आपटत चाललीस तर कंबरही दुखेल.

---

उलटा अनुभव. बारा वर्षं रोज हिल्स घातल्या, आता सपाट चपलेत टाच दुखते. डॉक्टर म्हणाले, पोटऱ्या आखडल्यात. एकदम सोडू नका, टाच हळूहळू कमी करा. सध्या दीड इंचावर आलेय.

---

मी नवरा-वर्गातला. माझा अनुभव म्हणजे जेवणाच्या पंगतीपासून पार्किंगपर्यंत बायकोच्या हिल्स हातात धरून चालणे. गाडीत एक जोड सपाट चपला ठेवा, बाकी काही म्हणणं नाही.

---

धागाकर्ती: आभार! तीन इंची परत केल्या, दोन इंची वेजेस आणल्या. रोज मोजे घालून घरभर फिरतेय, म्हणजे लग्नात चावणार नाहीत. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारून गेल्या, सुतारकाम किती दिवस चालणार?