पाचटापासून इथेनॉल: साखर कारखान्यांनी या फंदात पडावं का?

तिसरी_पाळी:
७ डिसेंबर २०२३ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. पुढे थोडी सूट मिळाली, २०२४मध्ये मनाई उठलीही, पण एकाच कच्च्या मालावर बसलेल्या डिस्टिलऱ्यांना घाव बसायचा तो बसलाच. इकडे तोडणीनंतर हेक्टरी ८ ते १० टन पाचट (उसाची वाळलेली पानं) पडतं आणि त्यातलं बरंच काडी लावून जाळलं जातं. माझं मत, कारखान्यांनी पाचटाचं इथेनॉल आता मनावर घ्यावं. बॉयलर, फर्मेंटर, डिस्टिलेशन, इथेनॉलमधलं उरलंसुरलं पाणी काढणारी मॉलिक्युलर सीव्ह, सगळं उभं आहे. घालायचा तो फक्त पुढचा भाग, पाचटातून साखर सोडवणारा.

गणित_मांडा:
'फक्त पुढचा भाग' म्हणजे लग्न ठरलंय, फक्त मुलगी बघायची राहिलीय!

१ टन कोरडं पाचट, त्यात ४०% सेल्युलोज (ग्लुकोजच्या साखळ्यांचा धागा) धरू. ४०० किलोचं ४४४ किलो ग्लुकोज, ते सगळं आंबलं तर २२७ किलो, म्हणजे २८७ लिटर इथेनॉल. हे कागदावर. विकरांनी (एन्झाइम्सनी) ७५% सेल्युलोज सोडवलं आणि यीस्टने ९०% काम केलं, तर १९४ लिटर. हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा पेंढ्यापासून इथेनॉलचा प्रकल्प आहे, त्याचे जाहीर आकडे बघा: वर्षाला २ लाख टन भाताचा पेंढा, ३ कोटी लिटर इथेनॉल. टनाला १५०.

आणि खरं दुखणं पातळ वॉशचं, म्हणजे आंबवून झालेल्या द्रावणाचं. १५% घनभागाने टाकी भरली तर वॉशमध्ये अल्कोहोल जेमतेम ३%. मळीचा वॉश ८-१०% येतो. डिस्टिलेशनचा तोच कॉलम चालवायचा, पण लिटरमागे वाफ किती जास्त लागेल ते बघा. घनभाग २५% केला की माल शिऱ्यासारखा घट्ट. ढवळणी फिरत नाही, विकर आतपर्यंत पोचत नाहीत.

तिसरी_पाळी:
एकदम २५% कोण भरतं? आधी १०-१२% घ्यायचं, ५० अंशाला विकरांनी ते पातळ झालं की दर काही तासांनी पुढचा हप्ता सोडायचा. शिवाय पाचट आम्लात तापवल्यावर लगदा दाबून धुतला की हेमिसेल्युलोज (सेल्युलोजभोवतीचा सहज सुटणारा भाग) रसात निघून जातं आणि उरलेल्यात सेल्युलोज ६०%च्या आसपास जातं. मग १५%लाही वॉश ४%च्या वर येतो.

पांढरा_कोट:
आणि त्या धुतलेल्या रसाचं काय? त्यात झायलोज ही साखर आहे, साधं यीस्ट त्याला तोंड लावत नाही. कच्च्या मालाचा जवळपास पाव भाग गेला.

दोघांनीही प्रीट्रीटमेंट, म्हणजे विकरांआधी धागा सैल करणं, हलक्यात घेतलीय. ०.५ ते १% सल्फ्युरिक आम्ल, १६०-१८० अंश, काही मिनिटं, मग दाब एकदम सोडायचा. ताप कमी पडला तर धागा सुटत नाही, विकरांवरचा पैसा पाण्यात. जास्त झाला तर झायलोजचं फरफ्युरल (यीस्टला मारक रसायन) होतं आणि यीस्ट तासन् तास ढिम्म. ॲसेटिक आम्ल तर सुटतंच. पीएच ४.५ला त्यातलं सुमारे ६५% अविघटित (आयनांत न फुटलेलं) असतं, तेच यीस्टच्या पेशीत शिरून त्याला अडवतं. ५.५ला हे प्रमाण १५%वर येतं. पण विकरांना हवा ४.८ ते ५. म्हणजे कुणाला तरी उपाशी ठेवायचं.

बरेचजण उदासिनीकरणाला चुना घालतात. स्वस्त खरा, पण जिप्सम होतं आणि रिबॉयलरच्या (कॉलमला उष्णता देणाऱ्या भांड्याच्या) नळ्यांवर दगडासारखा थर धरतं. अमोनिया वापरा, यीस्टला नायट्रोजनही मिळतो.

माती_आधी:
तुमची टाकी भरेल हो, शेताचं काय? पाचट सरीत ठेवून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकलं की ते तिथेच कुजतं, खोडव्याचं (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाचं) पाणी वाचतं. पानिपतएवढा प्रकल्प घ्या, निम्मंच पाचट उचला, तरी ४० ते ५० हजार हेक्टर लागतात. तेही गाळपाच्या चार-पाच महिन्यांत. शिवाय पाचटाच्या गाठी बांधणारं यंत्र, बेलर, मातीसकट उचलतं. त्या मातीने कुट्टीच्या पात्या झिजतात.

तिसरी_पाळी:
जे जाळलं जातं तेवढंच उचला. सरीत ठेवलेल्याला हात लावा असं कोण म्हणतंय? आणि पानिपतएवढा प्रकल्प एकट्या कारखान्याने कशाला घ्यायचा? रोज १० हजार लिटरचाही चालेल.

गणित_मांडा:
छोटा केला की लिटरमागचा भांडवली खर्च चढतो. आम्ल आणि दाब झेलणारा रिॲक्टर विशेष मिश्रधातूचा लागतो, तो निम्म्या क्षमतेला निम्म्या किमतीत येत नाही. त्यापेक्षा पाचटाचा बायोगॅस करा. झायलोजही पचतं, विकरही नकोत.

पांढरा_कोट:
बायोगॅसमध्ये लिग्निन (धाग्यांना चिकटवून ठेवणारा टणक भाग) तसंच राहतं. कुट्टी नीट बारीक नसेल तर पाचट तरंगतं, वर जाड साय धरते, गॅस खाली अडकतो. महिनाभर मुक्काम द्यावा लागतो, म्हणजे टाकीही तेवढी मोठी. माझ्या मते धुतलेला झायलोजचा रस बायोगॅसला, लगदा इथेनॉलला आणि लिग्निन ५०% ओलाव्यापर्यंत दाबून बगॅससोबत बॉयलरला. लिग्निनची वाफ हिशेबात धरा, मग ३ आणि ४%चं भांडण परत मांडा.