बेसबॉल कार्डांचे २००, ३००, ४००, ५०० हे नंबर बड्या खेळाडूंनाच कसे?

कृष्णाकाठ (सांगली)
मंडळी, १९८७ साली माझा मामा अमेरिकेहून येताना टॉप्स कंपनीची बेसबॉल कार्डं खोकाभर घेऊन आला. पत्त्याएवढी कार्डं, पुढं फोटोभोवती लाकडी फळीसारखी चौकट, मागं खेळाडूची आकडेवारी. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मामानं आणलेली म्हणून जिवापाड जपली.

२०१९ च्या महापुरात गावभागातल्या घरात पाणी शिरलं. खोका माळ्यावर होता, तरी ओल धरलीच. पाणी ओसरल्यावर वरच्या खोलीत वर्तमानपत्रं अंथरली आणि एकेक कार्ड सुटं करून पालथं वाळत घातलं. पालथं घातलं की नंबर वर येतो, म्हणून नंबरानंच ओळी लावल्या. तेव्हा दिसलं ते असं : २०० पीट रोझ, ३०० रेजी जॅक्सन, ४०० जॉर्ज ब्रेट, ५०० डॉन मॅटिंग्ली. नावं शोधली तर एकेक दिग्गज! १५० ला वेड बॉग्ज, तोही तसलाच. हे मुद्दाम केलंय का? आणि एकूण कार्डं ७९२ च का? सरळ ८०० का नाहीत?

शाईवाला (मिरज)
७९२ चं मी सांगतो, तीस वर्षं ऑफसेटवर काढलीत. टॉप्सच्या तेव्हाच्या एका शीटवर १३२ कार्डं बसायची. सहा शीट म्हणजे ७९२. आठशे करायची तर वरच्या आठ कार्डांसाठी सातवं शीट लावावं लागलं असतं. कुठला छापखाना असं करेल?

अजिंक्यतारा (सातारा)
दादा, मुद्दामच. टॉप्सचा जुना रिवाज आहे तो. शंभराचे नि पन्नासाचे नंबर सगळ्यात बड्यांना, शून्य किंवा पाचावर संपणारे त्याखालच्या नावाजलेल्यांना. मिकी मँटल १९६१ ला ३००, १९६२ आणि १९६३ ला २००, १९६९ ला ५००. १९५४ ला तर टेड विल्यम्स पहिलाही आणि शेवटचाही : १ आणि २५०.
माझ्या मते नंबर म्हणजे त्या हिवाळ्यात कंपनीनं खेळाडूला दिलेलं पान-सुपारीचं ताट. तुमच्यातलं ३६६ काढून बघा. मार्क मॅग्वायर. तेव्हा नवखा, म्हणून कसलाच मान नसलेला नंबर. आणि त्याच मोसमात पठ्ठ्यानं ४९ होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) ठोकले!

जुनीनाणी (इस्लामपूर)
याहून जुनी गोष्ट १९३३ ची. गाउडी या च्युइंगगम कंपनीनं २४० कार्डांच्या संचात १०६ नंबर छापलाच नव्हता. पोरं त्या एका कार्डासाठी गम घेत राहिली. तक्रारीची पत्रं गेली, तेव्हा १९३४ मध्ये नॅप लाजोईचं कार्ड १०६ नंबर घालून छापलं आणि पत्र लिहिणाऱ्यांना टपालानं धाडलं. पोरांच्या खाऊच्या पैशावर असला डाव खेळणं मला आजही पटत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)
अजिंक्यतारा, आत्ता खोका उघडला. ३६६ आहे! पण ३६५ ला चिकटलेलं आहे; त्या दिवशी जोर लावायचा धीर झाला नाही म्हणून जोडी तशीच ठेवली होती. कडेनं फक्त चौकटीची लाकडी रेघ दिसते, चेहरा आत आहे. शाईवाले काका, ओल खाऊन चिकटलेला आर्टकार्डाचा कागद शाई न उचलता सुटतो का? मिरजेला घेऊन येऊ?

शाईवाला (मिरज)
या. रविवारी सकाळी या, घाईत करायचं काम नव्हे. तोवर ऊन दाखवू नका.