फेअरफॅक्स की लाउडन? शाळा निवडण्यासाठी मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. येत्या जूनमध्ये आम्ही पुण्याहून अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात राहायला जात असून, सहावीत जाणाऱ्या आमच्या मुलीसाठी फेअरफॅक्स आणि लाउडन या शेजारच्या काउंट्यांमधील (म्हणजे जिल्ह्यांमधील) सरकारी शाळा पाहत आहोत. तिथे राहत्या पत्त्यावरून शाळा ठरत असल्यामुळे घर घेण्याआधीच हा निर्णय करावा लागतो. परवा एकाच रस्त्याच्या दोन बाजूंची, सारख्याच भाड्याची दोन घरे पाहिली, तेव्हा शाळांना गुण देणाऱ्या एका संकेतस्थळावर एका घराच्या शाळेला 10 पैकी 9 गुण होते आणि दुसऱ्याच्या शाळेला 5. हे गुण बऱ्याच अंशी राज्याच्या वाचन व गणिताच्या चाचण्यांवर बेतलेले असल्याने, त्यांत शिकवण्याच्या दर्जापेक्षा पालकांची सांपत्तिक स्थितीच अधिक उमटते, असे मला वाटते.

शिवाय फेअरफॅक्समध्ये सहावी बहुतेक ठिकाणी प्राथमिक शाळेतच असते, तर लाउडनमध्ये माध्यमिक शाळा सहावीपासूनच सुरू होते. आमची मुलगी नव्या वर्गात महिनामहिना तोंड उघडत नाही, त्यामुळे फेअरफॅक्समध्ये सातवीसाठी पुन्हा, म्हणजे एका वर्षात दोनदा शाळा बदलण्याची मला खरोखर धास्ती वाटते.

ज्यांची मुले तिथे शिकली आहेत, त्यांनी शाळेची पारख नेमकी कशावरून केली आणि प्रवेशापूर्वी शिक्षकांना भेटता आले का, हे कृपया सविस्तर कळवावे.