शरदातले पित्त आणि नवरात्राचा उपवास : आहारात काय बदलावे?

प्रश्न

माझे वय ४३ वर्षे आहे. पावसाळा सरून ऊन तापू लागले की दुपारनंतर माझ्या छातीत जळजळ सुरू होते, कपाळ ठणकते आणि आंबट-कडू पाणी उलटून पडले तरच डोके उतरते. डॉक्टरांनी तपासण्या केल्या असून काळजीचे कारण नाही, आहार सांभाळा, असे सांगितले आहे. नवरात्र तोंडावर आले आहे आणि नऊ दिवसांचा उपवास मला मोडायचा नाही. सकाळी नुसता चहा, दुपारी साबुदाण्याची खिचडी व थंड म्हणून वाटीभर दही, रात्री उशिरा वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, असा आमच्याकडे परिपाठ आहे. यात काय बदलावे आणि कोकम चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (आयुर्वेदाचा व्यवसाय करणारा वैद्य)

पित्ताचा संचय पावसाळ्यात होतो आणि प्रकोप शरदात, त्यामुळे तुमचा त्रास नेमका याच दिवसांत उसळतो यात नवल नाही. आंबट, खारट व तिखट रस पित्त वाढवतात. गोड, कडू व तुरट रस ते शमवतात. तुम्ही दिलेल्या परिपाठात हिरवी मिरची, भाजलेले दाणे आणि दही यांचीच सद्दी आहे.

दही फ्रीजमधून काढल्यावर कितीही गार लागले, तरी ते आंबट आणि उष्ण गुणाचे आहे. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात ते रात्री, तसेच वसंत, ग्रीष्म व शरद या ऋतूंत वर्ज्य सांगितले आहे. ताक हवेच असेल, तर ताजे, गोडसर आणि साखर घातलेले घ्यावे. आदल्या दिवशीचे आंबूस ताक मुळीच नको. आवळा मात्र आंबट असूनही पित्तशामक आहे, म्हणून मोरावळा उपवासाला उत्तम.

त्याच ग्रंथाने शरदासाठी साळीचा भात, मूग, पडवळ, आवळा, साखर आणि मध सांगितले आहेत. यांतील भात-मूग उपवासाला चालत नाहीत, तेव्हा राजगिऱ्याच्या लाह्या दुधात घालून खाव्यात, लाल भोपळा तुपाजिऱ्यावर परतावा आणि साबुदाणा हवाच असल्यास त्याची खीर करावी. वरी चालू ठेवावी, दाण्याची आमटी सोडावी. जेवण लवकर उरकावे. पदार्थ निवडून निवडून खाल्ले आणि दहा वाजता ताटावर बसलो, तर फारसा उपयोग होत नाही.

उत्तर २ (सिंधुदुर्गातील गृहिणी)

ताई, आमच्या कोकणात अंगावर पित्त उठले की आमसुले भिजवून ते पाणी अंगाला चोळतात आणि उन्हातून आलेल्याला कोकम सरबत देतात. सोलकढीत मात्र लसूण-मिरची असते, ती या दिवसांत टाळलेली बरी. जळजळ चालू असताना उपाशीपोटी सरबतही मी देणार नाही. त्यापेक्षा १ चमचा धने भरड कुटून अर्धी वाटी पाण्यात रात्रभर भिजवावेत, सकाळी गाळून खडीसाखर घालावी आणि ते पाणी न उकळता घोट घोट प्यावे. उपवासाला धने चालतात की नाही, हे प्रत्येक घराच्या रीतीवर आहे. आमच्याकडे चालत नाहीत, म्हणून आम्ही त्याऐवजी काळ्या मनुका भिजवतो.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. दही आणि दाणे मी सोडेन, परंतु चहा सुटणे कठीण आहे. शिवाय सासूबाईंना मधुमेह आहे. हेच पदार्थ त्यांनाही द्यावेत का?

उत्तर १

चहा एकदम तोडू नका, पण तो पहिला घास होऊ देऊ नका. आधी भिजवलेल्या मनुका किंवा दूध-राजगिरा, मग अर्धा कप. सासूबाईंना मोरावळा, गुलकंद, खडीसाखर, मनुका यांपैकी काहीही देऊ नये; त्यांनी उपवास करावा की नाही, हे आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. आणि तुम्हाला काळ्या रंगाची शौच झाली, घास गिळताना अडला किंवा कारण नसताना वजन उतरू लागले, तर पथ्यावर विसंबून न राहता त्वरित पुन्हा तपासणी करून घ्यावी.