कुतला अडकलेल्या फौजेपर्यंत मदत का पोचली नाही?

महालकर
पुढच्या महिन्यात आमच्या महालातल्या वाचनालयात पहिल्या महायुद्धावर बोलायचं आहे, विषय कुत-अल-अमारा, म्हणजे आजच्या इराकमधलं टायग्रिस नदीकाठचं कुत गाव. ७ डिसेंबर १९१५ पासून इंग्रज जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात होती. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. सोडवायला आधी जनरल एल्मर गेला, मग जनरल गोरिंज. जानेवारी ते एप्रिल धडका मारून तेवीस हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि २९ एप्रिल १९१६ ला आतल्या सुमारे तेरा हजारांनी हत्यारं खाली ठेवली. सोडवायचे होते त्याहून जास्त खर्ची पडले! मी वाचलं त्यात कारण म्हणून "पाऊस आणि पूर" एवढंच. नुसत्या पावसानं फौज अडते का?

कामठीचा सप्लायवाला
महालकर साहेब, मी लष्कराला रसद पुरवणाऱ्या सर्व्हिस कोअरमधून निवृत्त. नोकरी सगळी आटा, डाळ, केरोसीन आणि खेचरांचा दाणा मोजण्यात गेली, त्यामुळे नकाशावरचे बाण बघण्याआधी मी धक्का कुठे आहे ते शोधतो. तर बसऱ्याला, म्हणजे इंग्रजांच्या सगळ्या मालाच्या बंदराला, तेव्हा समुद्री जहाज लागेल असा एकही धक्का नव्हता. जहाजानं नदीच्या मधोमध नांगर टाकायचा, माल देशी होड्यांत उतरवायचा, होडीतून काठावर, आणि काठावर चिखल. जहाजं आठवडेच्या आठवडे तुंबून राहायची.

तिथून कुत नदीनं जवळपास ३०० मैल. रेल्वे नाही, पक्का रस्ता नाही. सगळं जायचं ते उथळ तळाच्या आगबोटींतून, आणि त्याच अपुऱ्या. कुर्ना ते अमाराच्या मधे टायग्रिस इतकी अरुंद आणि वळणाची की बोटी काठाला धडकतच वळायच्या. समोरून दुसरी आली की एकीनं बाजूला लागून थांबायचं.

आता हिशेब करा. फौज जेवढी पुढे सरकते तेवढी बोटीची फेरी लांबते. म्हणजे त्याच बोटी महिन्याला कमी टन पोचवणार, आणि खाणारी तोंडं वाढलेली. शिवाय माणसाचं राशन दीड-दोन किलो धरलं तर घोड्या-खेचराला त्याच्या कितीतरी पट चारा. म्हणून बसऱ्यात पलटणी साचल्या आणि आघाडीवर माणसं कमी, असा प्रकार. मदतीच्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजन फ्रान्सहून आल्या त्या तुकड्यातुकड्यांनी. मिळेल त्या बोटीत माणसं चढवली, गाड्या आणि फील्ड इस्पितळं मागेच राहिली. काही पलटणी तर नदीकाठानं पायीच गेल्या.

मग एल्मर थांबला का नाही? त्याला घाई लावली टाउनशेंडच्या राशनच्या आकड्यानं. डिसेंबरात त्यानं कळवलं की गोऱ्यांना महिनाभर आणि हिंदी शिपायांना दोन महिने पुरेल. २५ जानेवारीला, गावातल्या कोठारांची झडती घेतल्यावर, तोच म्हणतो की घोडे धरून ८४ दिवस निघतील. माझ्या मते या सगळ्या मोहिमेतली सगळ्यात महागडी चूक ही. तोपर्यंत शेख साद (६ ते ८ जानेवारी), वादी (१३) आणि हन्ना (२१) अशा तीन लढाया अर्धवट जमलेल्या फौजेनं लढून झाल्या होत्या. आमच्या डेपोत पोती मोजल्याशिवाय महिनाअखेरची सही होत नसे हो! आणि "घोडे धरून" हेही बघा. आपल्या बहुतेक शिपायांनी भारतातून धर्मगुरूंच्या परवानग्या येऊनही एप्रिलपर्यंत घोड्याचं मांस तोंडात घातलं नाही. मग त्यांच्यापुरते ते दिवस कुठले?

पावसाचं म्हणाल तर हन्नाला डाव्या हाताला नदी, उजवीकडे सुवैकियाची दलदल, मधल्या चिंचोळ्या पट्टीत तुर्कांचे खंदक. वळसा घालायला वाट नाही. पाऊस पडला की उमरेडकडच्या काळ्या रानासारखी जमीन, पाऊल टाकलं की माती सोडत नाही. त्यातून उघड्यावर चालून जायचं. सुमारे २,७०० माणसं पडली. रात्र थंडीपावसाची, जखमी तिथेच पडून. ज्यांना उचललं ते स्प्रिंग नसलेल्या दोनचाकी खेचरगाड्यांवर टाकून काठाला आणले, आणि ज्या बोटींनी राशन न् जनावरं वर आणली त्यांच्याच डेकवर घालून खाली पाठवले. म्हणजे जखमी न्यायलाही बोट तीच. पाऊस वाईटच, पण तो पडला तो आधीच मोडक्या व्यवस्थेवर.

वर्धा रोड
चिखल काय फक्त इंग्रजांच्याच बुटाला चिकटत होता का? तुर्कही त्याच नदीवर होते ना. आणि ८ मार्चला दुजैलाच्या तुर्की गढीवर काय झालं ते सांगा. रात्रभर चालून पहाटे पोचले, गढीत तुर्क नावाला, आणि हे तोफांची वेळ ठरली आहे म्हणून थांबून राहिले! सेनापती मंद होते असं सरळ म्हणा ना बावा, उगाच पोती कशाला मोजून राहिले?

कामठीचा सप्लायवाला
दुजैलाची सकाळ सेनापतींनीच घालवली, त्यात वाद नाही. पण दुसऱ्या दिवशी माघार का घेतली? पाणी. नदी सोडून आत गेलेली फौज, माणसांना पाणी नाही, जनावरांना नाही. वेढा उठेपर्यंत तिथे टिकून राहणं शक्यच नव्हतं.

तुर्कांकडे बगदाद जवळ, आणि येणं प्रवाहाबरोबर. मोसूलकडून फुगवलेल्या कातड्यांचे तराफे नुसते वाहत खाली यायचे, ना कोळसा लागतो ना तेल. शिवाय खंदकात बसलेल्याला चिखल छळतो, चालून येणाऱ्याला मारतो. एप्रिलात वरच्या डोंगरांतला बर्फ वितळून टायग्रिस फुगली. हन्नाच्या पुढे सन्नैयाला तुर्कांचे खंदक होते, तिथे वारा फिरला की दलदलीचं पाणी खंदकांत. सन्नैयावरचे ६, ९ आणि २२ एप्रिलचे तिन्ही हल्ले फसले. २२ ला तर चिखलानं रायफली चालेनात.

महालकर
फार उपयोग झाला. विमानातून धान्य टाकलं होतं म्हणतात, आणि कुतला राशन न्यायला निघालेल्या 'जुलनार' बोटीचीही गोष्ट आहे. ती भाषणात रंगवू का?

कामठीचा सप्लायवाला
विमानांनी एप्रिलच्या मध्यापासून पोती टाकली. काही नदीत पडली, काही तुर्कांकडे. त्याआधी दळणाचे जाते-दगडही टाकले होते, कारण आत धान्य होतं पण पीठ करायचं कशावर? हे जरूर सांगा, लोकांना पटकन समजतं.

'जुलनार' २४ एप्रिलच्या रात्री २७० टन घेऊन निघाली आणि मगासिसला तुर्कांनी आडव्या बांधलेल्या तारदोरात अडकली. बोटीवरचे अधिकारी फर्मन आणि काउली दोघांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. धाडस मोठंच, पण पोचती तरी काही आठवड्यांचंच राशन झालं असतं. रंगवायचं तर नंतर आलेल्या जनरल मॉडला रंगवा. त्यानं आधी बसऱ्याचे धक्के, नदीतल्या बोटी आणि शेख सादपासूनची छोटी रेल्वे हाती येऊ दिली, डिसेंबर १९१६ पर्यंत हलला नाही. ११ मार्च १९१७ ला बगदाद घेतलं, त्याच नदीकाठानं.